माईंच्या खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे

माझ्या सासूबाई बार्शीकडच्या. आम्ही त्यांना माई म्हणतो. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, घरातल्या घरात काठी घेऊन चालतात. आयुष्यात समुद्र एकदाच पाहिलाय त्यांनी, लग्नानंतर मुंबईला दिराकडे गेल्या होत्या तेव्हा चौपाटीवर, तोही संध्याकाळी अंधार पडताना. गेल्या दिवाळीत टीव्हीवर कुठलातरी किनारा दाखवत होते तर सहज म्हणाल्या, "एकदा डोळं भरून बघायला पायजे बघ समुद्र, पर मला काय वाळूत चालवत न्हाई." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

नवऱ्याला रजा नव्हती आणि मुक्कामाला माई तयार नव्हत्या, परक्या ठिकाणच्या बाथरूमची त्यांना धास्ती असते आणि ती खरीच आहे. म्हणजे पुण्यातून सकाळी निघून रात्री घरी, एका दिवसात. गाडी चालवणार मी, सोबत माई आणि माझी आई. या दोघी विहिणींचं छान जमतं म्हणून निम्मं टेन्शन कमी होतं.

सगळ्यात आधी भाच्याला विचारलं, तो सारखा कोकणात जातो. त्यानं दोन मिनिटांत प्लॅन पाठवला: सकाळी मुरुड, जंजिरा, मग आगरदांड्याहून जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी घालून दिघी, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि रात्री ताम्हिणीतून परत. पंचविशीतल्या चार पोरांना जमेलही, पण जंजिऱ्याला शिडाच्या होडीत चढायचं, हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या पायऱ्या उतरायच्या, यातलं एकही माईंना जमणारं नाही आणि आम्ही तिथं जाऊन त्यांना गाडीत बसवून ठेवणार का? मग मी कागदावर वरती एकच ओळ लिहिली, माईंच्या खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. किनारा नाही, रस्ता शोधायचा. जिथे गाडीत बसल्या बसल्या समुद्र दिसतो असा रस्ता.

पुण्यातून एका दिवसात होण्यासारखा असा रस्ता माझ्या माहितीत एकच, श्रीवर्धन ते दिवेआगर, आरावी, कोंडिवली, शेखाडी, भरडखोल असा किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किमी, पण बराचसा रस्ता डोंगराच्या कमरेवरून जातो आणि खाली सरळ पाणी. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन, मग हा रस्ता, दिवेआगरला जेवण आणि बोर्ली पंचतनवरून परत म्हसळा. जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किमी पडतं.

आता यात बहुतेक लोक आधी दिवेआगरला जातात, सुवर्ण गणेशाचं दर्शन, जेवण आणि मग दुपारी श्रीवर्धनकडे. मीही तसंच लिहिलं होतं. रात्री मॅप उघडून बोट फिरवत बसले आणि एकदम लक्षात आलं की समुद्र पश्चिमेला आहे, दिवेआगरहून खाली दक्षिणेला आलं तर तो आपल्या उजव्या हाताला येतो, म्हणजे माझ्या बाजूला, आणि आपण रस्त्याच्या डाव्या लेनमध्ये डोंगराला चिकटून. माई पुढच्या डाव्या सीटवर बसणार, त्यांच्या खिडकीत नुसता लाल दगड! तेच उलटं केलं, श्रीवर्धनहून वर उत्तरेला आलं की समुद्र डावीकडे, आपली लेन पाण्याच्या बाजूची, आणि माईंच्या खिडकीत मधे काहीच नाही. एवढ्याशा गोष्टीनं सगळा प्लॅन उलटा झाला आणि मला खरंच इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून सांगितलं.

उलट्या फेरीचा दुसरा फायदा उन्हाचा. पश्चिम किनाऱ्यावर दुपारी तीननंतर सूर्य समुद्रावर येतो, पाणी नुसतं पत्र्यासारखं चमकतं आणि माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना ते सहन होत नाही. दुपारच्या आत गेलं की सूर्य पाठीशी, पाणी निळं दिसतं. तसंही सकाळी पुण्याहून पश्चिमेला जायचं आणि संध्याकाळी पूर्वेला परत यायचं म्हणजे दोन्ही वेळा ऊन पाठीवर, ड्रायव्हरच्या डोळ्यावर येतच नाही.

मग भरती-ओहोटी. हे मला आधी सुचलंच नव्हतं, ऑफिसातल्या एका काकांनी सांगितलं, ते मूळचे श्रीवर्धनचे. म्हणाले, "अगो, ओहोटीला गेलीस तर काळे खडक नि चिखल बघून येशील. भरतीला जा, पाणी रस्त्याच्या पायाशी येतं." आणि मग त्यांनी कोकणातला जुना हिशोब शिकवला. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, येईल ते भरतीचं घड्याळ. म्हणजे चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, कारण भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं त्याच्याशी ताडून पाहिलं तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक, बाकी बरोबर. वरून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी एरवीपेक्षा जास्त वर चढतं.

मला त्या रस्त्यावर हवी होती वेळ अकरा ते एक. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या. अमावास्येला प्रवासाला आईनं ठाम नकार दिला, त्यामुळे पौष पौर्णिमा, गुरुवार. मधला वार घेण्याचं कारण माणगाव. शनिवार-रविवारी मुंबई-गोवा हायवेची गर्दी माणगावच्या बाजारात अशी तुंबते की तासभर सहज जातो आणि आपल्या दिवसातला एक तास म्हणजे फार मोठी गोष्ट. आणि पावसाळा नको हे तर ठरलेलंच होतं, धबधबे सुंदर असतात पण ताम्हिणीतलं धुकं आणि दोन म्हाताऱ्या बायका, नकोच.

वेळेचं गणित मी उलटं मांडलं, म्हणजे परतीपासून. ताम्हिणीचा घाट अंधार पडायच्या आत चढून व्हायला हवा, तिथे दिवे नाहीत, मुळशीच्या पुढे बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही आणि मालाचे ट्रक असतात. जानेवारीच्या शेवटी सूर्य साडेसहाला मावळतो. म्हणजे घाट साडेपाचला लागला पाहिजे, माणगाव पाचला सोडलं पाहिजे, दिवेआगर सव्वातीनला. ही सव्वातीनची रेघ मी लाल पेनानं मारली. बाकी काहीही हलू दे, ही हलणार नाही. आणि स्पीड मी ताशी ३५ धरला. मॅप चार तास सांगतो पण मॅपला कुणाला लघवीला थांबायचं नसतं, चहा प्यायचा नसतो. ३५ धरलं की मधे थांबूनसुद्धा जीव शांत राहतो.

या हिशोबात हरिहरेश्वर गेलं, श्रीवर्धनमधली देवळं गेली. आईचं मन थोडं खट्टू झालं पण सुवर्ण गणेश राहिला म्हणून ती खूश. १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत तो सोन्याचा मुखवटा सापडला तेव्हा आई आणि बाबा दर्शनाला जाणार होते, ते राहून गेलं. २०१२ मध्ये दरोडा पडून मुखवटा चोरीला गेला, दोन पहारेकरी मारले गेले, तेव्हा बाबा हयात होते आणि पेपर वाचून दिवसभर गप्प बसले होते. २०२१ मध्ये सोन्याचा मुखवटा पुन्हा बसवला. आईला त्या जागी एकदा हात जोडायचे होते.

आणि शेवटचं, पण मला सगळ्यात जास्त वेळ गेला ते काम म्हणजे कमोड शोधणं. ज्यांच्या घरी गुडघेदुखीचं माणूस आहे त्यांनाच हे कळेल. माणगावातल्या दोन हॉटेलांना आणि दिवेआगरच्या तीन घरगुती खानावळींना फोन करून विचारलं, "कमोड आहे का? खाली आहे का, जिना चढायचा नाही ना?" आधी लाज वाटली विचारायला, मग वाटली नाही. जेवणाची ऑर्डरही आदल्या दिवशीच द्यावी लागते तिकडे, ऐनवेळी गेलं तर उकडीचे मोदक मिळतच नाहीत. माईंना शाकाहारी ताट, वालाचं बिरडं सांगितलं, आईला आणि मला सुरमई.

पावणेसहाला चांदणी चौक सोडला. टाकी आदल्या रात्रीच फुल. माईंना घाटात मळमळतं म्हणून निघायच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली गोळी, नंतर हातात लिंबू. पिरंगुटच्या पुढे गेलो आणि समोर, अगदी रस्त्याच्या शेवटाला, मावळतीला आलेला पूर्ण चंद्र, पिवळा, भाकरीएवढा. हे मी प्लॅन केलं नव्हतं, पौर्णिमा भरतीसाठी निवडली होती. आई "शाकंभरी पौर्णिमा" म्हणत हात जोडून बसली, आणि मुळशीपर्यंत तो चंद्र आमच्या पुढे पुढे होता. मग उजाडलं. ताम्हिणीत मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना बाजू देऊन पुढे जाऊ दिलं.

माणगाव साडेआठ, घावन आणि चहा. म्हसळ्याच्या पुढचा रस्ता झाडीतून जातो, वळणं पुष्कळ, माईंनी लिंबू नाकाशी धरलं होतं पण त्रास झाला नाही. श्रीवर्धनला सव्वादहाला पोचलो. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव, तेवढं आईनं माईंना सांगितलं. मी बाजारात उतरून पाव किलो रोठा सुपारी घेतली, श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला आणि माई अजून अडकित्त्यानं कातरून खातात. दुकानदार म्हणाला की ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, नवीन लावलेल्या आत्ता कुठे उभ्या राहताहेत. एक पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. मी पैसे देऊन निघाले पण त्याचा चेहरा डोक्यात राहिला.

आणि मग तो रस्ता.

आरावीच्या अलीकडे पहिल्यांदा डावीकडे पाणी दिसलं, सुरूच्या झाडांमधून तुकड्यातुकड्यानं. माई काही बोलल्या नाहीत. मग कोंडिवलीनंतर रस्ता वर चढतो, एक वळण येतं आणि झाडं संपतात. मी वळणाआधीच गाडी अगदी हळू केली होती. वळण संपलं आणि माईंच्या खिडकीत नुसता समुद्र, वरपासून खालपर्यंत, जमीन कुठे नाहीच. माईंनी खिडकीच्या वरचा दांडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "आगं बया." एवढंच.

शेखाडीच्या आसपास रस्ता रुंद झालेली एक जागा सापडली, गाडी पूर्ण बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि काच खाली. पावणेबारा झाले होते. जानेवारीतला समुद्र शांत असतो, लाटा उसळत नाहीत, पण उधाणाचं पाणी गच्च भरून खडकांवर चढलं होतं. पाणी आत यायचं आणि मागे जाताना गोट्यांमधून गळगळ असा आवाज करायचं, तो आवाज गाडीत ऐकू येत होता. आम्ही तिघी पाऊण तास तिथे बसलो. आई उतरून कठड्यापाशी गेली, माई सीटवरच, कोपर खिडकीत ठेवून. माईंच्या चष्म्यावर खारा थर बसला तो त्यांनी पदरानं पुसला, परत बसला, परत पुसला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आपल्याकडं आत्ता ज्वारी निसावली की वाऱ्यानं अशीच हालती. ह्या टोकापासनं त्या टोकापतोर. पर तिला शेवट असतोय." मग विचारलं, "पल्याड काय गं?" मी सांगितलं, अरबस्तान. त्या मान हलवून परत बघत राहिल्या.

आईला शेखाडी नाव पेपरात वाचल्याचं आठवत होतं, ते १९९३ चं. मुंबईच्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरवलं होतं. ती म्हणाली, "एवढ्या सुंदर जागी." आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

भरडखोलला मासे वाळत घातलेले, वास आला तशी माईंनी पदर नाकाला लावला, आई मात्र काच खाली करून बोंबील कुठे मिळतात ते विचारायला लागली. तिला दहा मिनिटं दिली, तेवढी सवड हिशोबात होती.

दिवेआगरला मात्र घोटाळा झाला. खानावळीत फोनवर "कमोड आहे" सांगितलं होतं, प्रत्यक्षात त्या बाथरूममध्ये पाण्याचे जार आणि खुर्च्या रचून ठेवलेल्या, आणि जेवणाची ऑर्डर वहीत लिहिलेलीच नाही. मला रडू यायचं बाकी होतं, कारण माई सकाळी माणगावनंतर कुठे उतरलेल्या नव्हत्या आणि मी त्यांना शब्द दिला होता. शेजारच्या घरातल्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि सरळ येऊन माईंचा हात धरला. "चला हो आजी, आमच्याकडे आहे कमोड, आमच्या सासूबाईंसाठी केलेला." माईंना घेऊन गेल्या, हात-पाय धुवायला गरम पाणी दिलं, वर कोकम सरबत. मी पैसे विचारले तर रागावल्याच. खानावळीत जेवण व्हायला पाऊण तास जास्त लागला, मोदक नव्हतेच. मी कागद काढला, सव्वातीनची लाल रेघ बघितली आणि किनाऱ्यावरचा तासभर अर्ध्या तासावर आणला. म्हणून सांगते, एका दिवसाच्या ट्रिपमध्ये निदान तासभर कशालाच द्यायचा नाही, तो मोकळा ठेवायचा. आणि कमोडचा फोन असेल तर "आत्ता वापरात आहे का" असं विचारायचं, मी ते विचारलं नव्हतं.

गणपतीचं दर्शन निवांत झालं, गुरुवार दुपार असल्यानं रांग नव्हती. आईनं बाबांच्या नावानं नारळ ठेवला. किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं, ओली वाळू आरशासारखी. माई सुरूच्या सावलीत खुर्चीवर बसल्या, आई चपला हातात घेऊन चालत गेली आणि माईंसाठी ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन आली. येईपर्यंत सगळं गळून गेलं होतं, नुसते ओले हात. माईंनी ते ओले हातच आपल्या हातात घेतले आणि डोळ्यांना लावले.

तीन वाजून वीस मिनिटांनी निघालो. माणगावात पाचला चहा, घाट उजेडात चढून झाला. मुळशीच्या पाण्याजवळ आलो तर समोर पूर्वेला पुन्हा तोच चंद्र, आता वर येत असलेला. सव्वाआठला घरी.

पायऱ्या चढताना माईंचे गुडघे खूप दुखत होते, नवऱ्यानं जवळजवळ उचलूनच वर आणलं. रात्री शेक देत बसले होते तर त्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या, मला वाटलं जप करतात. मग म्हणाल्या, "बिजेला दीड, तिजेला सव्वादोन. मंजी सप्तमीला सव्वापाच, व्हय की न्हाई गं?"